इसेचं देऊळ, वीस वर्षांचं लाकूड आणि आईचे प्रश्न

शेवंती (धागाकर्ती)

मंडळी, जपानमध्ये नागोयात येऊन मला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात इसे जिंगूला चारदा जाऊन आले. पण त्यावर लिहावंसं वाटलं ते गेल्या नोव्हेंबरात आईला घेऊन गेले तेव्हा. आई सांगलीची, वय अडुसष्ट. देवपूजा उरकल्याशिवाय चहा घेत नाही. दिवसभर ती एकेक प्रश्न विचारत होती आणि उत्तरं देता देता, काही दुसऱ्यांना विचारून आणता आणता, हे ठिकाण मला पहिल्यांदा नीट कळलं.

नागोयाहून किंतेत्सूच्या गाडीनं साधारण दीड तासात इसेशी स्टेशन येतं. देवस्थानाचं अधिकृत नाव नुसतं 'जिंगू'. लोक मात्र मायेनं 'ओ-इसे-सान' म्हणतात. हे एक देऊळ नाही, लहानमोठी मिळून १२५ देवळं आहेत. त्यातली दोन मुख्य. नाइकू म्हणजे आतलं, तिथे सूर्यदेवी आमातेरासू. गेकू म्हणजे बाहेरचं, तिथे तिच्या जेवणाखाणाचं बघणारी तोयोउके. आधी गेकू, मग नाइकू अशी रीत आहे. गेकू स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, नाइकूला बस जाते.

गेकूच्या तोरीपाशी आई थबकली. तोरी म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया. दार नाही, कडी नाही. 'चपला कुठं काढायच्या?' काढायच्याच नाहीत म्हटल्यावर तिचा पाय उचलेना. देवाच्या अंगणात पायताण घालून कसं जायचं? तेवढ्यात पुढचे एक आजोबा तोरीखाली थांबले, टोपी काढली, कमरेत वाकले आणि मग वाटेच्या कडेकडेनं चालू लागले. आई म्हणाली, 'बरं, म्हणजे उंबरा आहे.' तिनंही हात जोडले आणि आत आली. वाटेचा मधला भाग देवाचा, म्हणून माणसांनी कडेनं चालायचं. गेकूत डावीकडून, नाइकूत उजवीकडून.

मग तेमिझू, हातपाय धुण्यासारखंच, फक्त हात आणि तोंड. लाकडी ओगराळं उजव्या हातात घेऊन डाव्यावर पाणी, मग डाव्यात घेऊन उजव्यावर. पुन्हा उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी, त्यानं चूळ. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. परत डावा हात, आणि शेवटी ओगराळं उभं धरायचं म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडा पुढच्या माणसासाठी स्वच्छ होतो. हे सगळं एका ओगराळ्यात भागवायचं. दांडा धुण्याची गोष्ट आईला फार आवडली. ती दोनदा करून बघितली तिनं.

'नैवेद्य काय असतो?' हा पुढचा प्रश्न. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण गेकूचा प्राणच तो आहे. रोज सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा, आमातेरासू आणि बाकीच्या देवांना इथल्या भोजनगृहात जेवण वाढतात. परंपरेनुसार हे दीड हजार वर्षं चालू आहे. विस्तव काडीपेटीचा चालत नाही, लाकडावर लाकूड फिरवून रोज नवा पाडतात. पाणी आवारातल्या पवित्र विहिरीचं. भात देवस्थानाच्या स्वतःच्या शेतातला. मीठ फुतामीच्या किनाऱ्याकडे खाऱ्या पाण्यापासून करतात आणि तिकोनी मातीच्या साच्यात भाजून त्याचे घट्ट खडे पाडतात. ताटात भात, मासे, समुद्रातलं शेवाळ, भाज्या, फळं, मीठ, पाणी आणि तांदळाची साके. वाढायची मातीची भांडी एकदाच वापरायची, नंतर मोडून मातीत पुरायची. आदल्या रात्री पुजारी आवारातच वेगळे राहून सोवळं पाळतात. आई ऐकत होती. म्हणाली, 'एवढं करतात म्हणजे देव आहेच इथं.'

नाइकूला जायला इसुझू नदीवरचा उजी पूल ओलांडावा लागतो, साधारण शंभर मीटर, सगळा लाकडाचा. पलीकडे नदीकाठी उतरायला दगडी पायऱ्या आहेत. हात तिथेही धुता येतात. आईला घाट दिसला, त्यामुळे ती तिथेच रमली. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.

पुढे खडीची वाट आणि वाटेला उंचच उंच सुगी वृक्ष. शेवटी दगडी पायऱ्या चढून मुख्य देऊळ. आणि तिथे दिसतं काय? लाकडी कुंपण. त्याच्या आत आणखी कुंपणं. दारात पांढरा रेशमी पडदा. कुंपणावरून छपराची टोकं तेवढी दिसतात. मूर्ती नाही, घंटा नाही, प्रदक्षिणा नाही, तीर्थ नाही. मी पायऱ्यांवर फोन वर केला तर पहारेकऱ्यानं दोन्ही हातांची फुली करून नम्रपणे थांबवलं. पायऱ्यांच्या वर फोटो काढायचा नाही हे मला माहीत होतं, आईचा एक फोटो हवा म्हणून मोह झाला. चूक माझीच.

दोनदा खोल वाकायचं, छातीपाशी दोन टाळ्या, हात जोडून मनातलं बोलायचं, पुन्हा एकदा वाकायचं. इथे मागणं मागायचं नाही, आभार मानायचे, असं इथले लोक सांगतात. मागायचं असेल तर मागच्या बाजूला आरामात्सुरी-नो-मिया आहे. आई हात जोडून उभी असताना वारा आला आणि पडदा हळूच आत उचलला गेला. ती काहीच बोलली नाही. मीही नाही.

उतरताना शेजारचं मोकळं अंगण दिसलं. तेवढंच लांबरुंद, पांढरे गोटे अंथरलेलं, मधे एक चिमुकली लाकडी खोपी. मी सांगितलं, दर वीस वर्षांनी या मोकळ्या जागेत हुबेहूब नवं देऊळ बांधतात, देवाला रात्रीच्या अंधारात तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिल्यांदा सन ६९० मध्ये सम्राज्ञी जितोच्या काळात, बासष्टाव्यांदा ऑक्टोबर २०१३ मध्ये. पुढचं २०३३ ला. ती खोपी मधल्या गाभ्याच्या खांबाची जागा झाकून ठेवते.

मला इतकी वर्षं पडलेला प्रश्न मी तिलाच विचारला. मग हे देऊळ तेराशे वर्षांचं म्हणायचं की दहा-बारा वर्षांचं?

आई म्हणाली, 'दरवर्षी आपण गणपती नवाच आणतो की गं. तो काय नवा असतो होय?'

म्हणून हा धागा. तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, काही वाचलं असेल, तर लिहा.

चंद्रभागा

ताई, वाचताना डोळे भरून आले. 'म्हणजे उंबरा आहे' हे फार मोठं बोलल्या तुमच्या आई. माझं माहेर पंढरपूर. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचा दिवस कसा चालतो ते पाहत वाढले, म्हणून दोन वेळच्या जेवणाचं लगेच समजलं. इसेला वारीसारखं पायी जाणं होतं का?

जुनं_पान

चंद्रभागाताई, होतं, आणि केवढं! एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, साधारण साठ वर्षांच्या अंतरानं माणसांचा पूर इसेकडे लोटायचा. त्याला 'ओकागे-माइरी' म्हणत. १७०५, १७७१ आणि १८३० ही मोठी वर्षं. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, तेव्हा अख्ख्या जपानची वस्ती तीन कोटींच्या आसपास. नोकर मालकाला न विचारता, पोरं आईबापांना न सांगता निघायची. इसेला जाऊन आलेल्याला रागवायचं नाही असा संकेत होता. हातात ओगराळं घेऊन निघायचं, वाटेवरचे लोक त्यात तांदूळ, पैसे घालायचे. आपल्याकडे वारकऱ्याला गावोगाव जेवू घालतात, तेच.

ज्यांना एरवी परवडत नसे त्यांच्यासाठी गावात 'इसे-को' असायची. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे जमवायचे, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळ्यांच्या वतीनं जाऊन यायचं. भिशीच ही, फक्त फळ सगळ्या गावाला. म्हाताऱ्या किंवा आजारी मालकानं गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधून कुत्र्याला पाठवल्याच्याही नोंदी आहेत. वाटेवरचे लोक त्याला खाऊ घालून पुढे पोचवायचे. इसेत गेल्यावर उतरायची सोय करणारे 'ओन्शी' असत. आपल्या क्षेत्रोपाध्यांसारखं यजमानांची वही, घराणी ठरलेली, वर्षाला पंचांग आणि देवाचा ताईत घरी पोचवणं. १८७१ मध्ये सरकारनं ती पद्धत बंद केली.

सुतारपक्षी

माझ्या आजोबांचा धंदा सुतारकीचा, रत्नागिरी जिल्ह्यात. तुमचा धागा दोनदा वाचला.

इसेचे खांब पायाच्या दगडावर बसवलेले नसतात, थेट जमिनीत रोवलेले असतात. छप्पर गवताचं. लाकडाला रंग नाही, रोगण नाही. असं लाकूड दमट हवेत वीस-पंचवीस वर्षांत बुडाशी कुजणारच. दगडी जोतं त्यांना माहीत नव्हतं असं नाही, शेजारच्या बौद्ध देवळांत ते होतंच. पण त्यांनी रोवलेला खांब सोडला नाही. त्यामुळे वीस वर्षांनी पुन्हा सुतार लागतोच. पहिल्या वेळी पोरगा हाताखाली असतो, दुसऱ्या वेळी तो कामाचा कारागीर, तिसऱ्या वेळी तोच शिकवणारा. एका आयुष्यात तीनदा देऊळ हाताखालून जातं.

आमच्या गावच्या देवीचं देऊळ लाकडी खांबांचं, कौलारू होतं. फणसाच्या लाकडाचे खांब, त्यावर आजोबांच्या वडिलांच्या हातची नक्षी. गावाचं नाव घेत नाही. जीर्णोद्धार झाला. म्हणजे सगळं पाडून सिमेंटचा स्लॅब घातला, खाली गुळगुळीत लाद्या. जुने खांब सरपणात गेले. कुणी वाईट हेतूनं केलं नाही, सगळ्यांनी श्रद्धेनं वर्गणी दिली. पण ते खांब पुन्हा घडवू शकेल असा हात आज पंचक्रोशीत नाही. खांब गेले त्यापेक्षा मला ह्याचं जास्त दुःख आहे. इसेचं वाचलं की वाटतं, आम्हीही वीस वर्षांनी एकेक खांब बदलत राहिलो असतो तर माझ्या वडिलांनी रंधा सोडला नसता.

पूर्वघाट

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद मनाला लागला. आपल्याकडे लाकडाचा देव नवा करण्याची मोठी परंपरा पुरीला आहे. जगन्नाथाचा नवकलेवर. अधिक आषाढ येतो त्या वर्षी कडुनिंबाचं झाड शोधून नव्या मूर्ती घडवतात. अलीकडे १९९६ आणि २०१५ ला झाला. तिथे देवाचं अंग नवं होतं, इसेला देवाचं घर.

निशीगंध

श्रद्धेचा मान ठेवून एक विचारते. दर वीस वर्षांनी एवढी झाडं तोडणं योग्य आहे का? कुठेतरी दहा हजार झाडं असं वाचलं.

शेवंती (धागाकर्ती)

निशीगंध, प्रश्न रास्त आहे. हो, हिनोकीची दहा हजारांच्या आसपास झाडं लागतात. देवस्थानाचं स्वतःचं जंगल सुमारे साडेपाच हजार हेक्टर, इसे शहराच्या जवळजवळ पाव भाग. मध्यंतरीच्या शतकांत तिथलं मोठं लाकूड संपलं, म्हणून कित्येक शतकं ते किसोच्या डोंगरातून आणतात. १९२३ मध्ये त्यांनी दोनशे वर्षांची आखणी करून पुन्हा हिनोकी लावायला घेतली. लावणाऱ्यानं बघायचंही नाही आणि त्याच्या नातवानंही नाही, इतक्या लांबची. २०१३ ला साधारण पाव लाकूड या स्वतःच्या जंगलातून निघालं, तेही विरळणी करताना काढलेल्या झाडांचं.

आणि उतरवलेलं लाकूड टाकत नाहीत. नाइकू आणि गेकूच्या मुख्य देवळांचे आढ्याला आधार देणारे खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी होतात. तिथे वीस वर्षं उभे राहिले की पुढे सेकी आणि कुवाना इथल्या जुन्या वाटांवर तोरी म्हणून आणखी वीस. बाकीचं देशभरातल्या देवळांना देतात.

२०२५ च्या जूनमध्ये किसोत पुढच्या देवळाचं पहिलं लाकूड तोडलं. करवत नाही, कुऱ्हाडी. बुंध्याला तीन बाजूंनी खाचा पाडत नेतात, झाड तीन पायांवर उभं राहतं, मग एक पाय तोडून आडवं करतात. नंतर त्या झाडाचा शेंडा त्याच्याच बुंध्यात रोवून डोंगराच्या देवाला नमस्कार करतात.

सुतारपक्षी

शेंडा रोवण्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे देवराईतलं लाकूड तोडायचं तर आधी देवीला कौल लावतात.

ओसाकाकर

चपलांसारखीच एक गोष्ट मला भेटली, ती सुतकाची. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. दिवस करून परत आलो. नवीन वर्षाला ऑफिसातले सगळे देवळात निघाले होते. मी बाबांचं सांगितल्यावर आमच्या वयस्कर साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, पन्नास दिवस झाले का? शिंतो, म्हणजे इथल्या मूळ देवधर्माच्या, रीतीत जवळचं माणूस गेलं की पन्नास दिवस तोरीखालून जात नाहीत. घरातल्या देव्हाऱ्यावर, कामिदानावर, पांढरा कागद लावून तो झाकतात. शिवाय वर्षभर नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं पाठवत नाहीत. आधीच कळवतात की यंदा आमच्याकडे दुःख आहे. आपण वर्षभर सण करत नाही, तसंच. माझे पन्नास दिवस व्हायचे होते. मी बाहेर थांबलो, तर साहेबही माझ्याबरोबर थांबले. परक्या देशात आपलं दुःख कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, हे मी विसरणार नाही.

शब्दवेल्हाळ

ओसाकाकर, यावरून आठवलं. इसेला देवीच्या सेवेसाठी राजघराण्यातली अविवाहित कन्या पाठवत. तिच्या वाड्यात काही शब्द उच्चारायचे नसत. ९२७ साली पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहात ती यादीच आहे. मेला म्हणायचं नाही, 'बरा झाला' म्हणायचं. आजारपणाला 'विश्रांती', रडण्याला 'मीठ गळणं', रक्ताला 'घाम', थडग्याला 'ढेकूळ'. बौद्ध शब्दही वर्ज्य, म्हणून मुंडण केलेल्या भिक्षूला चक्क 'लांबकेशी' म्हणत.

आणि आपण? नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढवली. निघताना जाते नाही, येते. माझी आजी घरातलं मीठ संपलं असं कधी म्हणाली नाही, मीठ वाढलं म्हणायची.

तळटीप

चर्चा सुंदर चालली आहे, फक्त एक बाजू राहू नये. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, सरकारनं शिंतोला राज्याच्या कारभारात ओढलं आणि इसेला सगळ्या देवळांच्या माथ्यावर बसवलं. पुढे युद्धाच्या काळात सम्राटभक्तीसाठी या श्रद्धेचा वापर झाला, त्याचा त्रास शेजारच्या देशांनी भोगला. १९४५ च्या शेवटी राज्य आणि देवस्थान वेगळं केलं गेलं. १९४९ ला ठरलेलं नवं देऊळ सरकारी पैशाविना पुढे ढकलावं लागलं, ते लोकांच्या देणग्यांतून १९५३ ला झालं. पूल मात्र त्यांनी १९४९ लाच नवा बांधला. म्हणून आजही उजी पूल देवळाच्या चार वर्षं आधी नवा होतो, अलीकडे २००९ ला. हरलेल्या, भुकेल्या देशात लोकांनी आधी पूल बांधला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच्याही आधी, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांत, हे काम शंभराहून अधिक वर्षं बंद पडलं होतं. तेव्हा अखंड परंपरा म्हणताना ती तुटली होती आणि पुन्हा जोडली गेली, हेही सांगायला हवं.

शेवंती (धागाकर्ती)

तळटीप, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात मी ते घ्यायला हवं होतं.

पहिल्यांदाच_जपान

एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन जाणार आहोत. त्या पूर्ण शाकाहारी. खायचं काय? आणि किती चालावं लागतं?

ओसाकाकर

पहाटे पाचला उघडतं. शक्य असेल तर एक रात्र इसेत राहा आणि सातच्या आत नाइकूला जा, गर्दी नसते. वाट खडीची आहे, सासूबाईंना जाड तळव्याचे बूट द्या. पुलापासून देवळापर्यंत सावकाश पंधरा-वीस मिनिटं धरा. नवस, भविष्याच्या चिठ्ठ्या असं काही शोधू नका, इसेला ओमिकुजी नाहीच.

खाण्याचं म्हणाल तर इसे-उदोन, म्हणजे इथल्या जाड शेवया, टाळा, त्या काळ्या रसात माशांचा अर्क असतो. भात-भाकरी बरोबर न्या. पुलाजवळच्या जुन्या बाजारात आकाफुकूचं दुकान आहे, १७०७ पासूनचं. तांदळाचा मऊ मोची आणि वर गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं वाटण, त्यावर तीन लाटा ओढलेल्या. त्या इसुझूच्या. हे शाकाहारी आहे. पाच येनची नाणी सुटी ठेवा. 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध, म्हणून तेच वाहतात.

शेवंती (धागाकर्ती)

आकाफुकूचा पहिला घास घेतल्यावर आई म्हणाली, 'पुरणच आहे, फक्त वेलदोडा विसरलेत.' दुसरा डबा सांगलीला नेला.

एक सांगायचं राहिलं. नवं देऊळ उभं राहिलं की देव येण्याआधी इसेचे लोक मिया नदीतले पांढरे गोटे पांढऱ्या कापडात घेऊन येतात आणि देवळाभोवती ठेवतात. एरवी कुंपणाच्या आत सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नाही, तेव्हा मात्र थेट देवळापाशी जाता येतं. गावाबाहेरच्यांनाही नाव नोंदवून एका दिवसापुरतं देवाच्या गावचं होता येतं. हे आईला फोनवर सांगितलं तर तिनं आधी हिशेब केला, २०३३ ला ती शहात्तरची असेल. मग म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवत नाही.

रोज साडेअकराला तिचा नैवेद्य असतो. हिवाळ्यात गेकूचं संध्याकाळचं जेवण तीन वाजता वाढतात, म्हणजे तिच्या घड्याळात बरोबर साडेअकरा. हे मी तिला सांगून ठेवलंय. काल ताटाभोवती पाणी फिरवताना फोन चालूच होता. मला म्हणाली, 'थांब गं जरा, तिकडचं पण वाढून होऊ दे.'